हक्काची रजा आणि बक्षिसाची सहल

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील कारखानदारी देशांत कामगाराचा फावला वेळ हा राज्यकारभाराचा विषय झाला. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या कामाची मर्यादा कराराच्या रूपाने मांडली. अनेक देशांत ही मर्यादा संपांच्या आणि कायद्याच्या बळावर त्याच सुमारास कामगारांच्या पदरात पडली होती, आणि त्यामुळे लाखो माणसांच्या हाती संध्याकाळचे काही तास मोकळे राहू लागले. हा वेळ दारूच्या गुत्त्यात जाईल अशी कारखानदारांना भीती होती, तो संघटनांच्या सभांमध्ये जाईल अशी सरकारांना धास्ती होती, तर त्या वेळात वाचनालये, गायनमंडळे, व्यायामसंघ आणि सहकारी भांडारे उभी राहावीत अशी कामगार चळवळीची धडपड होती. पुढच्या वीस वर्षांत लोकशाही आणि एकाधिकारशाही अशा दोन्ही प्रकारच्या सरकारांनी या वेळात हात घातला. दोघांनी पोहण्याचे तलाव बांधले, रेल्वेची तिकिटे स्वस्त केली आणि फिरती नाटके काढली. साधने इतकी सारखी होती की त्या काळातील कित्येक सद्भावी निरीक्षकांना दोन्हींतला फरक उमगला नाही, आणि म्हणूनच तो नेमका कुठे होता हे तपासणे आवश्यक ठरते.

या फरकाची चाहूल १९२४ मध्येच लागली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने त्या वर्षी जिनिव्हा येथील परिषदेत फावल्या वेळाच्या उपयोगाविषयी एक शिफारस मंजूर केली. शिफारस म्हणजे सदस्य राष्ट्रांवर कराराप्रमाणे बंधनकारक नसलेला, पण धोरणाची दिशा दाखवणारा ठराव. घरबांधणी, आरोग्य, खेळ, ग्रंथालये अशा अपेक्षित विषयांबरोबरच तिच्यात एक इशारा होता. कामगाराला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सक्तीने एखाद्या विशिष्ट संस्थेच्याच दारी नेणाऱ्या कोणत्याही योजनेपासून त्याच्या व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण झाले पाहिजे, असे तिने बजावले. हे शब्द लिहिले गेले तेव्हा मुसोलिनी इटलीचा पंतप्रधान होता आणि अशी योजना प्रत्यक्षात यायला वर्षभराचाही अवकाश उरला नव्हता.

इटलीत कामगारांची करमणूक ही सरकारने शून्यातून निर्माण केलेली गोष्ट नव्हती. उत्तर व मध्य इटलीत समाजवाद्यांनी उभारलेली ‘लोकगृहे’, म्हणजे वर्गणीतून बांधलेली सभागृहे, ज्यांत वाचनालय, दारूचा गाळा, नाटकाचा मंच आणि संघटनेची कचेरी एका छपराखाली असे, ही गावोगाव होती. १९२१ व १९२२ मध्ये फॅसिस्ट टोळ्यांनी त्यांतील कित्येक जाळली, लुटली किंवा बळकावली. त्यानंतर, १ मे १९२५ या तारखेच्या हुकुमाने, ‘ओपेरा नाझिओनाले दोपोलाव्होरो’ ही कामानंतरच्या वेळेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कामगार दिनाची तारीख निवडणे हे सहज घडलेले नव्हते. मूळ कल्पना मारिओ जिआनी या कारखाना-व्यवस्थापकाची होती. त्याला तिच्यात राजकारणापेक्षा औद्योगिक कार्यक्षमता अधिक दिसत होती. परंतु १९२७ मध्ये फॅसिस्ट पक्षाचा सरचिटणीस आउगुस्तो तुराती याने सूत्रे हाती घेतली आणि संस्था पक्षाचे अंग बनली. १९२६ मध्ये तीन लाखांच्या आत असलेली सदस्यसंख्या १९३९ पर्यंत सुमारे अडतीस लाखांवर गेली.

ही वाढ केवळ धाकदपटशाने झाली असे मानणे चुकीचे ठरेल. दोपोलाव्होरोचे ओळखपत्र दाखवले की सिनेमाचे, नाटकाचे आणि रेल्वेचे तिकीट स्वस्तात मिळे. १९२९ पासून ‘कार्रो दि तेस्पी’ ही फिरती नाट्यगृहे, ज्यांचा मंच आणि प्रेक्षागार वाहनांवर लादून एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येई, छोट्या गावांच्या चौकांत ऑपेरा घेऊन गेली. १९३१ च्या उन्हाळ्यापासून तिसऱ्या वर्गाच्या ‘लोकगाड्या’ शहरी कुटुंबांना रविवारी समुद्रावर नेऊ लागल्या, आणि आतल्या प्रदेशातील अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या गाड्यांमुळे. गुत्त्यामागच्या अंगणात शेजारीपाजारी मिळून खेळत तो बोच्चे, म्हणजे लाकडी गोळे जमिनीवरून लक्ष्याजवळ टाकण्याचा खेळ, तोही संस्थेच्या स्पर्धांच्या आणि नियमांच्या चौकटीत आला. खेळ तोच राहिला, खेळणारेही तेच राहिले, पण अंगण आता पक्षाच्या देखरेखीखाली होते. शिवाय याच काळात, १९२७ मध्ये आणि पुन्हा १९३० मध्ये, इटालियन कामगारांच्या वेतनात राजवटीच्या इच्छेने मोठी कपात झाली आणि ती रोखण्यासाठी लागणारी स्वतंत्र संघटना व संपाचा अधिकार ही दोन्ही साधने आधीच काढून घेतली गेली होती. स्वस्त तिकिटाचा हिशेब या कपातीसकट मांडला पाहिजे.

जर्मनीत हाच क्रम अधिक वेगाने आणि अधिक प्रचंड प्रमाणावर घडला. २ मे १९३३ रोजी नाझी पथकांनी देशभरातील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना अटक केली आणि त्यांची मालमत्ता रॉबर्ट ले याच्या नेतृत्वाखालील ‘जर्मन कामगार आघाडी’कडे गेली. कामगार क्रीडासंघांचा दहा लाखांहून अधिक सभासद असलेला महासंघ मोडण्यात आला, आणि डोंगरांतील विश्रामगृहे स्वतःच्या श्रमाने बांधणाऱ्या ‘निसर्गमित्र’ या कामगार गिर्यारोहण संघटनेवर बंदी आली. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला, इटालियन नमुना डोळ्यांपुढे ठेवून, ‘क्राफ्ट दुर्च फ्रॉइडं’, म्हणजे ‘आनंदातून शक्ती’, ही संस्था आघाडीच्या छत्राखाली सुरू झाली. तिच्याकडे सहलींचा, खेळांचा आणि सायंकालीन कार्यक्रमांचा असे निरनिराळे विभाग होते. कारखान्यांत प्रकाश, वायुवीजन, उपाहारगृहे आणि फुलझाडे आणणारा ‘श्रमाचे सौंदर्य’ हा विभाग वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याच्या हाती होता. या सुधारणांसाठी कामगारांनी कित्येकदा कामाच्या वेळेबाहेर फुकट रंगरंगोटी करावी अशी अपेक्षा असे.

१९३८ पर्यंत या संस्थेच्या लहानमोठ्या सहलींची वार्षिक संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली. त्यांतील बहुसंख्य सहली एका-दोन दिवसांच्या होत्या. प्रचारपटांत झळकणाऱ्या नॉर्वेच्या आणि मदीरा बेटाच्या सागरसफरी हा त्यांचा छोटा, पण सर्वांत गाजावाजा झालेला भाग होता. मे १९३७ मध्ये पाण्यात उतरवलेल्या ‘विल्हेल्म गुस्टलोफ’ या जहाजावर वर्गवारी नव्हती, खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या जात आणि सर्वांना एकच जेवण मिळे, ही गोष्ट खरी आहे आणि तिचे आकर्षण समजून घ्यावे लागते. परंतु मदीरापर्यंतच्या सफरीचे तिकीट अकुशल मजुराच्या आवाक्याबाहेर राहिले. जहाजांवर कारकून, नोकरदार आणि मध्यमवर्गीय यांचे प्रमाण मोठे होते. प्रवाशांत साध्या वेशातील गुप्त पोलीस असत आणि त्यांचे अहवाल आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. कोण परदेशी बंदरावर अनोळखी माणसाशी बोलत उभा राहिला, कोणाची जुनी समाजवादी मते मद्याच्या भरात बाहेर पडली, कोण भाषणांना दांडी मारतो, अशा नोंदी त्यांत आढळतात. तेच अहवाल अशीही तक्रार करतात की पुष्कळ प्रवाशांना नाच, मद्य आणि प्रेमप्रकरणे यांपलीकडे कशातच रस नाही. जहाजावर पाठवलेल्या हेरांनाही माणसांचा आनंद पक्षाच्या साच्यात बसवता आला नाही, हे त्या कागदांतून नकळत सिद्ध होते.

हद्दपार झालेल्या सामाजिक लोकशाही पक्षाने प्रागमधून जर्मनीविषयी जे गुप्त वृत्तान्त संकलित केले, त्यांत या सहलींविषयीचा सूर एकसारखा नाही. काही बातमीदार लिहितात की कामगार भाषणांकडे कानाडोळा करतात आणि स्वस्त प्रवास तेवढा उचलतात. इतर चिंतेने नोंदवतात की राजवटीचे विरोधकही आता, ‘काहीतरी तर मिळाले’ अशा भाषेत बोलू लागले आहेत. हा दुसरा सूर अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. वेतनाचे दर मंदीच्या तळाशी गोठवलेले, संप बेकायदेशीर, आघाडीची वर्गणी पगारातून कापली जाणारी आणि पोलाद शस्त्रांकडे वळलेले, अशा अर्थव्यवस्थेत सहल ही वेतनवाढीची जागा घेणारी स्वस्त वस्तू होती. ज्यू नागरिकांना तीही नव्हती, कारण ‘राष्ट्रीय समुदाय’ या संकल्पनेतूनच ते वगळलेले होते आणि जहाजावरची समता ही त्या वगळण्यावर उभी होती.

१९३६ च्या उन्हाळ्यात या दोन प्रकारच्या राजवटी जणू एकाच चौकटीत दिसतात. फावला वेळ आणि करमणूक या विषयावरची पहिली जागतिक परिषद १९३२ मध्ये अमेरिकन संस्थांच्या पुढाकाराने लॉस एंजेलिसला झाली होती. दुसरी जुलै १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर, हॅम्बुर्गला भरली आणि तिचे यजमानपद ‘आनंदातून शक्ती’कडे होते. अनेक देशांचे प्रतिनिधी मिरवणुका, लोकनृत्ये आणि आकडेवारी पाहून प्रभावित होऊन परतले. त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके त्याने तेथे दाखवली. परतंत्र देशातील त्या तरुणांना जागतिक व्यासपीठ हवे होते, आणि यजमानांना जगाची दाद. बार्सिलोनात मात्र बर्लिनला पर्याय म्हणून योजलेले कामगारांचे ‘लोकऑलिंपिक’ १९ जुलैला सुरू व्हायचे होते, ते सेनापती फ्रँकोच्या लष्करी बंडामुळे उद्घाटनाच्या दिवशीच रद्द झाले.

फ्रान्समध्ये त्याआधीच्या दोन महिन्यांत जे घडले त्याची कोणी आखणी केली नव्हती. मे १९३६ च्या निवडणुकीत समाजवादी, रॅडिकल आणि कम्युनिस्ट यांची ‘लोकआघाडी’ विजयी झाली, पण तिच्या जाहीरनाम्यात पगारी रजेचा उल्लेखही नव्हता. लेऑं ब्लूम पंतप्रधानपदी येईपर्यंत कारखान्यांत ठाण मांडून बसण्याच्या संपांची लाट देशभर पसरली. जूनमध्ये संपकऱ्यांची संख्या अठरा लाखांच्या आसपास होती. कारखानदार आणि कामगार संघटना यांच्यात मातिन्यॉं करार झाला, आणि २० जूनच्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा त्याला जोडून आला. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी कामगारांनी दबाव आणला, मग संसदेने कायदा केला, आणि त्याच ओघात सरकारला प्रश्न पडला की या रजेत लोक जातील कुठे.

तो प्रश्न लेओ लाग्रांज या पस्तिशीतल्या समाजवादी प्रतिनिधीकडे सोपवण्यात आला. क्रीडा व फावल्या वेळाचे उपमंत्रिपद फ्रान्समध्ये नवे होते, त्याचा निधी तुटपुंजा होता आणि उजव्या वृत्तपत्रांनी त्याला ‘आळसाचे मंत्रालय’ म्हणून हिणवले. लाग्रांजने १० जूनच्या नभोवाणी भाषणात आपली भूमिका स्पष्ट केली: लोकशाही देशात जनतेच्या करमणुकीला लष्करी शिस्त लावायची नाही, आणि आनंदाचे असे वाटप करायचे नाही की तो विचार न करण्याचे साधन बनावा. हा रोख कोणाकडे होता हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. त्याने रेल्वे कंपन्यांशी घासाघीस करून ऑगस्ट १९३६ पासून चाळीस टक्के सवलतीचे वार्षिक रजेचे तिकीट सुरू केले, आणि त्या पहिल्याच हंगामात सुमारे सहा लाख तिकिटे खपली. मार्क सान्ये या कॅथलिक कार्यकर्त्याने १९२९ मध्ये सुरू केलेल्या तरुणांच्या वसतिगृहांना मदत मिळाली, पण ती चालवणाऱ्या मंडळांत कॅथलिक होते, निधर्मी शिक्षकसंघ होते आणि कामगार संघटना होत्या, आणि सरकारने त्यांची मोट एका संस्थेत बांधली नाही. १९३७ मध्ये सुरू झालेले ‘लोकक्रीडा प्रमाणपत्र’ धावणे, उडी, पोहणे अशा साध्या परीक्षांवर आधारलेले आणि ऐच्छिक होते.

हे चित्र रंगवून सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. पहिल्या वर्षी बहुतेक कामगार समुद्रावर गेलेच नाहीत. ते घरी राहिले, नदीकाठी मासे धरत बसले किंवा गावाकडच्या आईवडिलांकडे सुगीला गेले. लाग्रांजच्या मनातले कित्येक तलाव आणि मैदाने कागदावरच राहिली, महागाईने वेतनवाढ खाऊन टाकली आणि ब्लूमचे मंत्रिमंडळ जेमतेम वर्षभराने पडले. जर्मनीच्या प्रचंड यंत्रणेपुढे फ्रेंच कार्यक्रम किरकोळ दिसतो. परंतु रजेचा कायदा हा कामगाराच्या हातात राहिला. त्या दिवसांत त्याने कुठे जावे, कोणाबरोबर जावे, अथवा जाऊच नये, याचा हिशेब त्याला कोणापुढे द्यावा लागला नाही, आणि ज्या मंत्र्याने तिकीट स्वस्त केले त्याच्यावर टीका करूनही ते तिकीट मिळत राहिले.

लोकशाही म्हटली की न्याय आपोआप येतो असेही नाही. ब्रिटनमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या पठारावर, जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेल्या माळावर, मॅंचेस्टर परिसरातील तरुण कामगारांनी सामूहिक प्रवेश केला तेव्हा त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. चारच वर्षांनी त्याच देशाच्या शिक्षण मंडळाचे शिष्टमंडळ जर्मनीतील शारीरिक शिक्षण पाहून आले; १९३७ चा शारीरिक प्रशिक्षण व करमणूक कायदा आला तेव्हा सक्ती आणि लष्करीकरण टाळण्याचा आग्रह मात्र कायम राहिला, आणि १९३८ च्या पगारी रजा कायद्याने निदान काही उद्योगांत एका आठवड्याच्या रजेचा मार्ग खुला केला.

अमेरिकेचा दाखला अधिक बोचरा आहे. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या केंद्रीय यंत्रणेने देशभर क्रीडांगणे, उद्याने आणि तलाव बांधले; एकट्या न्यूयॉर्क शहरात १९३६ च्या उन्हाळ्यात अकरा भव्य सार्वजनिक तलाव उघडले, आणि त्यांत हजारो लोक एका वेळी पोहू शकत. दक्षिणेकडील राज्यांत मात्र अशा सुविधा कायद्यानेच वंशानुसार विभागलेल्या होत्या, आणि उत्तरेत जिथे कायदा नव्हता तिथे दमदाटी आणि मारहाण ते काम करी. जनतेच्या पैशांतून झालेल्या बांधकामातून काळ्या नागरिकांना असे दूर ठेवले जाणे हा त्या लोकशाहीवरचा डाग आहे आणि कोणत्याही तुलनेत तो झाकता येत नाही. त्याच यंत्रणेचा ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’, हॅली फ्लॅनगन हिच्या दिग्दर्शनाखाली चाललेला स्वस्त व मोफत नाटकांचा उपक्रम, घरटंचाईसारख्या प्रश्नांवर सरकारलाही बोचणारी नाटके करी. काही लोकप्रतिनिधींनी त्यावर डाव्या विचारांचा ठपका ठेवला आणि ३० जून १९३९ रोजी काँग्रेसने त्याचा निधी तोडला. निर्णय कोता होता. परंतु तो उघड सभागृहात, मतदानाने, वृत्तपत्रांच्या डोळ्यांदेखत झाला, फ्लॅनगनला काँग्रेसच्या समितीपुढे आपली बाजू मांडता आली, आणि तलावांवरच्या वंशभेदाविरुद्ध पुढे जे लढे झाले ते न्यायालयांत आणि रस्त्यांवर झाले, कारण ती दोन्ही ठिकाणे तेथे शिल्लक होती.

मुंबई इलाख्यातही या जागतिक चर्चेचा पडसाद उमटला. गिरणगावात भजनी मंडळे, आखाडे, तमाशा आणि गणेशोत्सवातले मेळे कामगारांनी सरकारला न विचारता उभे केले होते. प्रांतिक स्वायत्ततेखालील काँग्रेस सरकारने १९३९ च्या सुमारास सरकारी कामगार कल्याण केंद्रे सुरू केली, आणि स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्याने त्यांना स्वतंत्र मंडळ दिले. कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि मालकाकडे पडून राहिलेले न दिलेले वेतन या निधीत जमा व्हावे, ही त्यातील तरतूद दखल घेण्याजोगी आहे, कारण तो पैसा मुळात कामगाराचाच होता आणि कायद्याने ते मान्य केले.

युरोपात युद्धाने या सर्व उपक्रमांची कसोटी घेतली. लाग्रांज वयाने व पदाने सूट असूनही सैन्यात गेला आणि ९ जून १९४० रोजी आघाडीवर मारला गेला. फ्रान्सच्या पराभवानंतर सत्तेवर आलेल्या व्हिशी राजवटीने फेब्रुवारी १९४२ मध्ये रिओम येथे ब्लूमवर खटला भरला. चाळीस तासांच्या आठवड्याने आणि रजांनी राष्ट्र दुबळे केले, हा आरोपांचा एक धागा होता. ब्लूमने न्यायासनापुढे सांगितले की पंतप्रधान असताना आपण फारसे कचेरीबाहेर पडत नसू, पण जेव्हा पॅरिसच्या उपनगरांतून जात असू तेव्हा जोडसायकलींवर एकसारखे स्वेटर घालून निघालेली कामगार जोडपी दिसत, आणि त्यांच्या कष्टाच्या, अंधाऱ्या आयुष्यात आपण थोडा उजेड आणला याची खात्री पटे. हे करून आपण त्यांना केवळ गुत्त्यातून बाहेर काढले नाही, तर कुटुंबजीवन आणि उद्याची आशा दिली, असेही तो म्हणाला. त्याच्या उत्तरांनी आरोपकर्तेच अडचणीत आले आणि एप्रिलमध्ये खटला थांबवण्यात आला. पंधरा दिवसांची रजा मात्र टिकली, आणि १९५६ मध्ये ती तीन आठवड्यांची झाली.

‘आनंदातून शक्ती’ची मालमत्ता १९३९ पासूनच लष्कराकडे वळली होती. बाल्टिक किनाऱ्यावर र्‍युगेन बेटावरील प्रोरा येथे वीस हजार लोकांच्या सुट्टीसाठी सुमारे साडेचार किलोमीटर लांबीची जी इमारतींची ओळ उठत होती, तिच्यात ठरल्याप्रमाणे एकाही कामगाराची सुट्टी झाली नाही. ‘गुस्टलोफ’ आधी रुग्णालय, मग नौदलाचे वसतिस्थान झाले आणि ३० जानेवारी १९४५ रोजी निर्वासितांना घेऊन जाताना सोव्हिएत पाणबुडीच्या माऱ्याने हजारो माणसांसह बुडाले. संस्थेच्याच नावाने जाहीर झालेल्या ९९० मार्कांच्या मोटारीसाठी सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी आठवड्याला किमान पाच मार्कांची तिकिटे पुस्तिकेत चिकटवली होती. त्या मोटारीसाठी उभारलेल्या फालर्सलेबेनच्या कारखान्यातून लष्करी वाहने बाहेर पडली आणि बचतदारांच्या तोंडाला पाने पुसली गेली. हुकूमशाहीत त्यांना दाद मागायला जागा नव्हती. पश्चिम जर्मनीत लोकशाही आली तेव्हा त्यांतील काहींनी तो कारखाना चालवणाऱ्या फोक्सवागेन कंपनीवर दावा लावला, तो निरनिराळ्या न्यायालयांत बारा वर्षांच्या आसपास चालला, आणि १९६१ मध्ये तडजोड झाली: पूर्ण भरलेली पुस्तिका दाखवणाऱ्याला नव्या मोटारीवर सहाशे मार्कांपर्यंत सूट, नाहीतर शंभर मार्क रोख.